म्हसोबाची काच

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी साखरबाईंनी घरातली सगळी भांडी घासायला काढली आणि त्या भरात शेजारच्या बैलाचं रक्तही घासून टाकलं. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. फडताळात चाळणीखाली दोन काचपट्ट्या होत्या, त्यांच्यावर तपकिरी डाग होते, आणि डागाळलेली वस्तू सणासुदीला घरात ठेवायची त्यांना सवय नव्हती. चुलीतली राख आणि काथ्या घेऊन त्यांनी काचा लख्ख केल्या, पदराने पुसल्या आणि पुन्हा चाळणीखाली नीट मांडून ठेवल्या.

काचा रामहरीच्या होत्या. रामहरी त्यांचा भाचा. लासुर्ण्याच्या गुरांच्या दवाखान्यात तो स्टॉकमनचं शिकत होता आणि आत्याकडे राहत होता. किंजवडेकर डॉक्टर अधूनमधून इंदापूरहून येत, जनावरं तपासत, रामहरीला शिकवत आणि जाताना त्याच्या डोक्याला काहीतरी खुराक देऊन जात. हल्ली तो खुराक रक्ताचा होता. जनावराच्या कानाच्या शिरेतून थेंब घ्यायचा, तो काचेच्या एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने एका दमात पातळ ओढायचा आणि वाळवायचा. वाळवणंच रामहरीला नडलं होतं. दवाखान्यात मुंग्यांचं राज्य होतं. मागे एकदा त्याने जीव ओतून केलेली गाईच्या रक्ताची काच मुंग्यांनी चाटूनपुसून साफ केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मुंग्या पास, तू नापास." तेव्हापासून रामहरी काचा घरी आणून चाळणीखाली झाकायचा आणि मुंगी दिसली की तिला शिव्या द्यायचा.

या खेपेची काच मात्र शिकण्यापुरती नव्हती. शेजारचे कुंडलिकराव, त्यांचा हौशा नावाचा बैल तापाने फणफणला होता. रवंथ बंद, कान पडलेले, हिरड्या पांढऱ्या फटक. रक्तात सर्र्याचे जंतू असतील तर त्याचं औषध वेगळं, गोचीडताप असेल तर वेगळं, आणि दोन्ही औषधं अशी जहाल की अंदाजाने टोचलं तर बैल रोगाच्या आधी औषधानेच जायचा. रामहरीने एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर इंदापूरला निरोप धाडला. उलट निरोप आला, रक्त घेऊन ठेव, उद्या दुपारी येतो. निरोप आला त्याच सकाळी रामहरीने रक्त घेतलं. कुंडलिकरावांनी तेवढ्यावर न थांबता म्हसोबाला एक कोंबडाही बोलून ठेवला. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

बेंदराच्या सकाळी रामहरीने चाळणी उचलली आणि तो तसाच उभा राहिला.

"आत्या, ह्या काचांवरचं काय झालं?"

"घासलं की," साखरबाई पुरणाला हरभऱ्याची डाळ निवडत म्हणाल्या. "पानाचा कात सांडून ठेवला हुतास. हटता हटत नव्हता."

"कात न्हाय आत्या. हौशाचं रगत हुतं ते."

साखरबाईंचा हात सुपात थांबला. "आन् मग चाळणीखाली कुणी रगत ठेवतं व्हय?" त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. भाच्याचा चेहरा पाहून त्यांना कळलं होतं की हे भांडी घासण्यापुरतं प्रकरण नाही.

रामहरी सुई आणि कोऱ्या काचा घेऊन तडक कुंडलिकरावांच्या गोठ्यात गेला. हौशाची शिंगं हिंगुळाने रंगवली होती, गळ्यात घुंगरमाळ होती आणि तो मान टाकून बसला होता. कुंडलिकराव त्याच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवत होते.

"आबा, थोडं रगत परत घ्यावं लागतंय."

"उद्या घे."

"आज दुपारी डाक्टर यायचं हायेत. ते गेलं की मग चार दिस न्हाय."

"आज बेंदूर हाय," कुंडलिकराव म्हणाले. हे त्यांनी असं सांगितलं की पुढे बोलायला जागाच उरू नये. "आज पराणीचं टोक लावत न्हाई, शिव्या देत न्हाई, खांद्यावर जू ठेवत न्हाई. आन् तू सुई टोचणार? काल सांजच्याला खांदं मळलं आन् ह्याच कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जेवायला बोलावलेल्याच्या त्याच कानात सुई घालू?"

"काल सकाळी घेतलंच हुतं की."

"आवतणाच्या आदी. तवा तो बैल हुता. आज पावणा हाय."

रामहरी तिथेच उंबऱ्यावर बसून बराच वेळ विनवण्या करत राहिला आणि कुंडलिकराव फडकं पिळत राहिले.

इकडे साखरबाईंना चैन पडेना. आपल्या हाताने झालेलं आपणच निस्तरावं, या मताच्या त्या बाई. आणि रक्त काचेवर कसं ओढतात हे त्यांना पाठ होतं; रामहरीने शिकताना त्यांच्याच बोटाचं निम्मं रक्त संपवलं होतं. आताही त्यांनी आधी स्वतःच्याच बोटाकडे पाहिलं. पण माणसाचं रक्त बैलाच्या नावावर खपवणं त्यांच्या मनाला पटेना. जनावराला जनावराचंच पाहिजे. गाय-म्हैस दारी नव्हती. अंगणात एक तुरेबाज कोंबडा दाणे टिपत होता. कोंबडा कुंडलिकरावांचा, पण दाणे रोज साखरबाईंचे खायचा.

"लई खाल्लंस," त्या त्याला काखेत धरून म्हणाल्या, "आज जरा दे."

शिवणाच्या सुईने तुऱ्याला टोचून त्यांनी दोन काचा केल्या. रामहरीपेक्षाही सफाईदार झाल्या. तो हिरमुसून परतला तेव्हा त्या तोंड फिरवूनच म्हणाल्या, "ह्या बघ, दोन काचा राहिल्या हुत्या घासायच्या. फडताळाच्या मागं पडलेल्या."

आपण दोनच काचा केल्या होत्या हे रामहरीला आठवायला हवं होतं. पण बुडणारा माणूस हाताला लागलेलं लाकूड कुठल्या झाडाचं हे विचारत नाही, तसा तो त्या काचा छातीशी धरून दवाखान्याकडे पळाला. एक काच त्याने रंगात बुडवली, धुतली, वाळवली. दुसरी तशीच जपून ठेवली.

डॉक्टर दुपारच्या एस्टीने आले. घाम पुसून ते सूक्ष्मदर्शकाशी बसले, काचेवर तेलाचा थेंब सोडला आणि डोळा लावला. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग शांतपणे विचारलं, "रामहरी, हा बैल उडतो का?"

"न्हाय साहेब. उठत बी न्हाय."

"ये. बघ. आणि मला काही विचारू नकोस, जे दिसतं ते सांग."

रामहरीने डोळा लावला. जांभळट उजेडात तांबड्या पेशी पसरल्या होत्या. बैलाच्या पेशी गोल असतात, चपट्या, आत काही नसलेल्या. या लांबट होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक गडद ठिपका होता, आंब्यातल्या कोयीसारखा. हे तो शिकलेला होता. त्याचे कान तापले.

"ह्ये पाखराचं हाय साहेब. पाखराच्या तांबड्या पेशीत ठिपका राहतो. बैलाच्या ऱ्हात न्हाय."

"बरोबर. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो," डॉक्टर म्हणाले. "आता बैलाच्या काचेवर पाखरू कसं बसलं ते सांग."

ते सांगायला साखरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना घरी राहवलंच नव्हतं. आणि त्यांच्या मागे कुंडलिकराव उभे होते, हौशाच्या रक्तात काय निघालं ते ऐकायला. साखरबाईंनी सगळं सांगितलं. राख, काथ्या, कोंबडा, सुई. काही लपवलं नाही आणि रडल्याही नाहीत.

"माझा कोंबडा?" कुंडलिकराव म्हणाले. "तो तुरेवाला? वैनी, तो म्हसोबाला बोललेला कोंबडा हाय. अंगाला टोचा पडला तर देवाला चालत न्हाई."

"मला काय ठाव, भावजी. माझ्या दारात दाणं खात हुता."

डॉक्टर एवढ्यात रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते रागावले नाहीत, आणि त्यांचं न रागावणंच रामहरीला जड गेलं. ते साखरबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही कोंबडा धरलात हे नशीब. स्वतःचं बोट टोचलं असतंत तर मीही फसलो असतो. माणसाच्या आणि बैलाच्या पेशी पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात. मी म्हटलं असतं, रक्तात काही नाही, बैलाला नुसता ताप आहे, उतरेल. आणि आज-उद्या तो गेला असता."

साखरबाईंनी आपलं बोट पदरात गुंडाळलं.

कुंडलिकराव दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. त्यांचा आवाज आता मघासारखा नव्हता. "डाक्टर, तुमाला वाटत आसंल, म्हातारा हटेल हाय. तसं न्हाई. वरीसभर मी त्याला पराणी मारतो. मोटंवर, नांगरावर, उसाच्या गाडीला. एक दिस मारत न्हाई. त्या एका दिसाच्या भरवशावर तो वरीसभर माझं ऐकतो. आज बी टोचलं तर त्याचं माझ्याजवळ ऱ्हायलं काय?"

डॉक्टरांना बेंदूर ठाऊक होता, पण असा नाही.

रामहरी सुई हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "आबा, पराणी मारायची असती. ही सुई इचारायची हाय. हौशाला कुठं दुखतंय ते तोंडानं सांगता येत न्हाय. त्याला इचारायची हीच एक रीत हाय. काल मी इचारलं, आन् त्यानं सांगितलेलं आमीच पुसून टाकलं. चूक आमची. त्याला परत एकदा इचारायचंय एवढंच."

कुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दवाखान्याच्या छपराकडे, मग आपल्या हातांकडे. उठताना ते म्हणाले, "मग मीच इचारतो. पावण्याला घरच्यानं इचारावं."

गोठ्यात त्यांनी हौशाचं डोकं मांडीवर घेतलं. काल ज्या कानात आवतण दिलं होतं त्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते कोणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी कान ताणून धरला आणि रामहरीला मानेने खूण केली. हौशा हलला नाही. थेंब काचेवर उतरला आणि रामहरीने तो एका दमात ओढला. साखरबाई काचेवर पदर धरून उभ्या राहिल्या, माशी बसू नये म्हणून, आणि वाळेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

या वेळी सूक्ष्मदर्शकात गोल पेशी होत्या आणि त्यांच्यात जोडीजोडीने बसलेले पेअरच्या फळाच्या आकाराचे जंतू होते. "गोचीडताप," डॉक्टर म्हणाले. "बघ रामहरी, इथेही बैलांसारखी जोडीच." त्यांनी निळं औषध शिरेतून दिलं. संध्याकाळी गावातून बैलांची मिरवणूक निघाली तेव्हा हौशा गोठ्यातच बसून होता, पण त्याने मान वर करून वाजंत्री कुठून येते ते पाहिलं. दोन दिवसांनी त्याने पुरणपोळीचा शिळा तुकडा खाल्ला. औषधाने हिरड्या निळ्या आणि शिंगं हिंगुळाची, असा तो पुढे काही दिवस गावभर फिरला, आणि पाहायला आलेल्या माणसांना कुंडलिकराव त्याचं तोंड उघडून दाखवत.

बैल बरा झाला म्हणजे नवस आला. एका सकाळी कुंडलिकराव कोंबडा काखेत घेऊन म्हसोबाकडे निघाले. साखरबाईंनी त्यांना वाटेतच अडवलं.

"भावजी, कोंबडा कशापायी बोललावता?"

"हौशा बरा व्हावा म्हून."

"मग हौशासाठी त्याचं रगत निघालंच की. बेंदराच्या दिशीच. तुमी निघायच्या आदी देवाचं देणं देऊन झालंय. एका कामाचं दोनदा कशाला घेईल देव?"

कुंडलिकरावांनी कोंबड्याकडे पाहिलं. तुऱ्यावरची खूण अजून दिसत होती. डाग पडलेला कोंबडा देवाला चालत नाही हेही त्यांच्या मनात होतंच. त्यांनी विचार केला आणि कोंबडा खाली सोडला. तो साखरबाईंच्या अंगणाच्या दिशेने चालू लागला. मग कुंडलिकराव दवाखान्यात आले आणि रामहरीला म्हणाले, "ती कोंबड्याच्या रगताची काच हाय का?"

रंगवलेली काच डॉक्टर घेऊन गेले होते, पुढच्या मुलांना दाखवायला. न रंगवलेली रामहरीकडे होती. ती त्याने दिली. कुंडलिकरावांनी म्हसोबाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि नारळाच्या वाटीशेजारी ती काच ठेवली. हात जोडून झाल्यावर म्हणाले, "आता घेतलं का न्हाई, ते उद्या कळंल."

दुसऱ्या दिवशी ते रामहरीला मुद्दाम बरोबर घेऊन गेले. काच जागेवरच होती. साखरबाईंनी घासल्यासारखी लख्ख, एक डाग नाही. कुंडलिकरावांचे डोळे भरून आले.

"पोचलं," ते म्हणाले. "बघ, थेंब ठेवला न्हाई."

रामहरीने पाहिलं. म्हसोबाच्या दगडाच्या पायथ्याशी, शेंदराच्या कडेने, मुंग्यांची एक बारीक रांग निवांत वारुळाकडे चालली होती. त्याने कुंडलिकरावांच्या शेजारी उभं राहून हात जोडले. परत निघताना पाय रांगेवर पडू नये म्हणून त्याने लांब टांग टाकली.