बेकिंग पावडरची नाडी पाहणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या घरी कुणी आलं की थंड पाणी मागतं. सिस्टरबाई गरम मागतात. तेही कपात. त्यात आमच्याच डब्यातली चमचाभर बेकिंग पावडर टाकतात, कप कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. फसफस जोरात ऐकू आली तर म्हणतात, "जिती हाय." नाही आली तर डबा माझ्या हातात देतात. "गेली. माती द्या तिले."

गडचांदूरच्या आमच्या गल्लीतलं एकही स्वयंपाकघर या तपासणीतून सुटलेलं नाही. जन्मभर त्या गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांत नर्स होत्या. नाले ओलांडून लसी नेल्या आणि एकही खराब होऊ दिली नाही, हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होते की ऐकणाराही सरळ बसतो. रिटायर झाल्या, लसी गेल्या, पण तारखा पाहायची सवय काही गेली नाही. ती आमच्या डब्यांवर उतरली.

"गॅसच्या वर काऊन ठेवली वं? वाफ लागते तिले!" "ओला चमचा कोनं घातला?" फ्रिजात ठेवणं तर त्याहून मोठा गुन्हा. "बाहेर काढला का घाम फुटते डब्याले. सिमेंटच्या गावात राह्यते अन् एवढं समजत नाई? पोत्याले ओल लागली का गोटा होते का नाई?"

होतो. डबा उघडल्याची तारीख त्यावर मार्करने लिहायची आणि सहा महिन्यांत संपवायचा, हा त्यांचा कायदा. माझ्या नवऱ्याला लग्नाची तारीख आठवत नाही, पावडरची पाठ आहे.

मागच्या जयंतीला आमची चांगलीच फजिती झाली. चौदा एप्रिलला विहारात कापायचा केक आम्ही बायकाच करतो. घरोघरी कुकरमध्ये भाजायचे, कडा कापायच्या आणि जोडून एक मोठा केक करायचा. कुणाचा फुगला, कुणाचा भाकरीसारखा बसला. जोडल्यावर नुसते खड्डे! पलीकडच्या वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. असा संताप आला म्हणता! म्हणून यंदा ठरलं, सगळ्यांची पावडर एकच. मोठा डबा आणायचा आणि सिस्टरबाईंकडे ठेवायचा. पुन्हा नाक कापून घ्यायचं नव्हतं.

तेरा तारखेला दुपारी मी सिस्टरबाईंकडे पावडर आणायला गेले. दार उघडलं तर आत भट्टी! बाहेर एप्रिलातलं आमचं ऊन, आणि घरात कूलर बंद. सिस्टरबाई डोक्याला ओलं फडकं गुंडाळून फरशीवर बसलेल्या, चेहरा लालबुंद.

"कूलर बिघडला का वो?"

"नाई. डबा आणला तवापासून बंद ठेवला."

"काऊन?"

"ओली हवा फेकते तो. पावडरीले लागन."

"अवो, पण डबा घट्ट बंद हाय ना!"

"झाकनावर भरोसा नाई ठेवत मी."

माझं डोकंच फिरलं. "एका डब्यापायी जीव देता का वो? ऊन लागलं असतं म्हंजे?"

त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून कोनी मले काई सांभाळाले नाई देलं वं. तुमी हा डबा देला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी उठून कूलर लावला आणि त्यांच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी विहारात केक असा एकसारखा फुगलेला की जोड दिसेना. पलीकडच्या वॉर्डातल्या बायका रेसिपी विचारायला आल्या. मी छाती काढून सांगितलं, "रेसिपी तुमचीच हाय. फक्त आमच्याजवळ सिस्टरबाई हाय!"

सिस्टरबाई मात्र केक संपल्यावर घरी जाऊन आल्या. उरलेला डबा पुढे करून म्हणाल्या, "उघडला हा आता. पुढच्या जयंतीलोक नाई टिकत. वाटून घ्या."

"वाटाचा कायले?" मी म्हणाले. "दर पौर्णिमेले केक करू, आपोआप संपन. तवरलोक राहू द्या तुमच्याच घरी."

सगळ्या "हो हो" म्हणाल्या. सिस्टरबाईंनी डबा परत जवळ ओढला, पदराने डोळे पुसले आणि लगेच दटावलं, "मंग वैशाख पौर्णिमेले सगळ्या माह्याच घरी या केक कराले. कूलर लावून ठेवीन मी."