बाटलीतला ऑरेस्ट

ईस्टरची रजा संपवून ल्युबा कोवालचुक विनिपेगच्या प्रयोगशाळेत परतली, उबदार कपाटातून नवऱ्याची बाटली काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि ओरडलीच, "अगं बाई! ऑरेस्ट उठला!"

ऑरेस्टला जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टर ग्लेनिस फ्रीसन यांना निरोगी माणसाच्या कातडीच्या पेशी हव्या होत्या, तेव्हा ल्युबानेच त्याला दंड पुढे करायला लावला होता. माणूस गेला, पेशी राहिल्या. सोमवारी आणि गुरुवारी छातीवर क्रूस करायचा, पेशींना गुलाबी खाद्य घालायचं आणि हळूच विचारायचं, "कसा आहेस रे राजा?" बुधवार-शुक्रवारच्या उपासासारखाच हाही तिचा नेम होता.

अलीकडे मात्र पेशी थकल्या होत्या. निरोगी पेशी ठरावीक वेळा विभागते आणि मग थांबते. "आता फार दिवस नाहीत गं," असं डॉक्टरांनी सांगूनही ठेवलं होतं. पेशी सावकाश वाढतात याचं ल्युबाला नवल नव्हतं. ऑरेस्टने आयुष्यात घाई अशी केलीच नाही. दर उन्हाळ्यात तो कुंपण रंगवायला घ्यायचा आणि अर्ध्यावर ब्रश टाकून खुर्चीत बसायचा.

आणि आता बाटलीत ही दाटी! पाय ठेवायला जागा नाही!

दुसऱ्या दिवशी ल्युबाने सगळ्यांसाठी ईस्टरचा गोड पाव आणला. नणंदेला फोन केला. नणंद म्हणाली, "जिवंतपणी साडेनऊशिवाय उठला नाही तो. नीट बघ."

डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "न थांबता विभागत सुटणाऱ्या पेशीला आपण काय म्हणतो, तुला माहितेय ल्युबा."

"कॅन्सर? पण तो तर हृदयाने गेला!"

"गुणसूत्रं मोजून बघू."

मोजली. साठ भरली.

"माणसाची शेहेचाळीस ना?" ल्युबा चक्रावली. "मग ही जास्तीची कुठून आणली याने? बाजारातून सांगितलेलं सामान कधी पुरतं आणलं नाही त्याने!"

शेजारच्या टेबलावर वॉरन माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवत असे. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"ल्युबा, साठ तर माझ्या माकडाची असतात. तुमचा ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टर आमच्यानंतर येतो ना. तू रजेवर. म्हटलं, ऑरेस्ट उपाशी राहील. माझ्या पेशींना खाद्य घातलं, त्याच बाटलीतलं उरलेलं त्यालाही..."

"वॉरन! प्रत्येकाच्या खाद्याची बाटली वेगळी, हे तुला मीच शिकवलं ना रे?"

"मायेपोटी केलं गं."

मायेबरोबर माकडाची एखादी पेशी आत शिरली होती. प्रयोगशाळेतल्या त्या अमर वाणाला थांबणं ठाऊकच नव्हतं. ऑरेस्टला कोपऱ्यात ढकलून तिने सगळी बाटली बळकावली होती.

"म्हणजे रजेवरून आल्यापासून मी माकडाच्या मूत्रपिंडाला राजा म्हणत होते?"

कोणीच हसलं नाही. ल्युबाच हसली, आणि मधेच तिचं हसू ओलं झालं.

"द्रव नायट्रोजनच्या टाकीत त्याच्या पेशींची एक जुनी कुपी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गोठवलेली. शेवटचीच. पण बाहेर काढली तर तीही कधीतरी थांबेल. तिथेच ठेवली तर मात्र कायम राहील."

ल्युबाने खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचा काळपट ढीग अजून वितळायचा होता. नोव्हेंबर लागला की ऑरेस्ट तिचे हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घ्यायचा. ऊब तिला मिळावी म्हणून की त्याला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

"त्याला थंडी सोसत नाही," ती म्हणाली. "काढा बाहेर."

पेशी नव्या बाटलीच्या तळाला चिकटल्या आणि नुसत्या पडून राहिल्या. डॉक्टर रोज बघायच्या आणि मान हलवायच्या. ल्युबा खाद्य घालत राहिली, स्वतःच्या हाताने, वेगळ्या बाटलीतून.

मग एका सकाळी एक पेशी फुगून गोल झाली. ल्युबा बघत राहिली. पेशीच्या मधोमध गुणसूत्रांची रांग लागली. रांग दुभंगली, दोन्ही टोकांना सरकली. पेशीची कंबर बारीक होऊ लागली. आता दोन होणार! पण कंबर तिथेच अडली. दुपारपर्यंत अडूनच राहिली, मग सैल पडली, आणि दोन्ही अर्धे भाग पुन्हा एकमेकांत मिसळले.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि उसासा टाकला. "फसलं गं. अर्धं काम करून बसली. ही काही उपयोगाची नाही."

ल्युबाचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. तिने बाटली दोन्ही तळव्यांत धरली.

"हाच तो," ती म्हणाली. "बैस रे, निवांत बैस. कुंपण पुढच्या उन्हाळ्यात बघू."