कोपरा कापलेलं तिकीट

आमच्या शेजारच्या तात्यांनी आयुष्यात कुणाला नुसतं तोंडानं 'या' म्हटलं नाही. तोंडी आमंत्रणाला ते 'फुकट प्रवास' म्हणत. एस.टी.त कंडक्टर म्हणून हयात घालवून नेवाशात येऊन राहिलेले. तिकिटाशिवाय माणूस आत घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गल्लीत पूजा असो, बारसं असो, तात्या कात्री घेऊन हजर.

"छापून आनता? सरदार लागून गेलात का? मी करतो. पन पत्रिका बघताक्षनी कळलं पायजे, काय कार्य हाय!"

कळायचं मात्र भलतंच.

रेशनवर परदेशातली लाल ज्वारी, मिलो, मिळायची ते दिवस. आम्ही तिची भाकरी गिळायचो, तात्या तिच्या पिठाची खळ करायचे. मिलोचा इतका चांगला उपयोग जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. कागद म्हणजे जुनी कॅलेंडरं. आमच्या धाकटीच्या बारशाला त्यांनी टोपड्याच्या आकाराच्या पत्रिका कापल्या. सुरेख! फक्त मागच्या बाजूला कॅलेंडरातला मारुती होता आणि माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला नेमकी शेपटी आली. "नातीबद्दल जावईबापूंचं मत समजलं," एवढंच ते म्हणाले आणि पुढे वर्षभर माझ्याशी बोललेच नाहीत. तात्यांच्या कलेनं मला एवढं तरी सुख दिलं.

पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनाला त्यांनी पत्रिकेला पिठाची पुडी चिकटवली. लोकांनी अंगारा समजून कपाळाला लावला. गिरणीकडे कुणी फिरकलं नाही.

घरात तात्या एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सख्खं माणूस म्हणजे मिरजगावची थोरली बहीण, आक्का. तिला दर दिवाळीला नक्षीदार पत्रिका जायची आणि दर दिवाळीला 'गुडघे धरल्यात' असा निरोप यायचा. आक्काची वाट बघणं हा तात्यांचा खरा उद्योग. कात्री हा जोडधंदा.

स्वतःच्या साठीला त्यांनी जेवण घालायचं ठरवलं. मला म्हणाले, "औंदा अशी पत्रिका करतो, की आक्का गुडघे इसरून आली पायजे."

बेत अर्थातच तिकिटाचा होता. पोस्टकार्डावर काळ्या शाईनं तिकीट काढलं: 'प्रवासी: तात्या. साठ थांबे पूर्ण. पुढील प्रवास सुरू.' खाली तारीख आणि 'जेवणास येणे'. आता तिकीट म्हटल्यावर भोक पाडणारा पंच नको? पंच तर नोकरी सुटताना जमा केलेला. मग तात्यांनी प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कात्रीनं उडवला आणि सगळी कार्डं पेटीत टाकून आले.

कोपरा कापलेलं कार्ड आपल्याकडे मयताच्या बातमीचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते कुणी नीट वाचत नाही; फाडायचं आणि आंघोळीला पळायचं. ज्यांनी धीर करून वाचलं, त्यांची तर खात्रीच पटली. जेवणाची तारीख त्यांनी तेराव्याची धरली, आणि कार्डं हातात पडली तीच आदल्या दिवशी.

ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीनं पाहुणे उतरले ते गळा काढतच. दारात नवी टोपी घालून, हातात गुलाबदाणी घेऊन तात्या उभे! एका घाईतल्या पाहुण्यानं तर त्यांनाच मिठी मारली, "लई वंगाळ झालं हो, लई चांगला मानूस हुता!"

सगळ्यांच्या पुढे आक्का. गल्लीच्या तोंडापासून धावत आलेली. तात्यांना बघून ती जागीच थांबली.

"मुडद्या, जित्ता हायेस व्हय रं?" तिनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा. "सारा रस्ता रडत आले मी! गाडीतली मानसं पानी पाजत हुती मला!"

सगळी गल्ली हसून लोळायची बाकी. माझ्याही जिभेवर एक खोचक वाक्य तयार होतं, ते तसंच राहिलं. कारण तात्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी आक्काला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतः पायरीवर, तिच्या पायांशी टेकले. आक्कानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

तात्या खाली मान घालून हळूच म्हणाले, "थांबलीस का, आक्के? रड की अजून जरा."