गौरीपुढचा घाट

प्राध्यापक नीलकंठ मेहेंदळे जयपूरच्या एका कॉलेजात अठरा वर्षं घर्षण शिकवत होते, आणि त्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याच घरात घर्षणानं त्यांना दगा दिला. खेळण्यातल्या इंजिनाची चाकं गरागरा फिरत होती, पण इंजिन जागचं हलायला तयार नव्हतं.

हे इंजिन जर्मनीचं. सत्त्याहत्तर साली नीलकंठराव वर्षभरासाठी तिकडे गेले, तेव्हा विजयालक्ष्मीबाईंनी पत्रातून एकच वस्तू मागितली होती, मिक्सर. नीलकंठराव घेऊन आले वीतभर इंजिन, तीन डबे आणि पेटीभर रूळ! बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या आठ वर्षं मुकाट्यानं पाट्यावर वाटत राहिल्या. वरवंटा तेवढा जरा जास्तच आपटायचा. गाडी बिचारी माळ्यावर गेली.

यंदाच्या चैत्रात मात्र नवल घडलं. गेल्या वर्षी कर्नलसाहेबांच्या गिरिजावहिनींनी छावणीतल्या बंगल्यात चैत्रगौरीच्या आराशीत खरं कारंजं उडवलं होतं, आणि जयपूरच्या समस्त मराठी बायका दिवाळीपर्यंत त्याच कारंज्यात न्हात होत्या. यंदा हळदीकुंकू आदर्शनगरात, मेहेंदळ्यांकडे होतं.

"अहो, ती तुमची गाडी चालते का अजून?" बाईंनी विचारलं.

नीलकंठरावांनी कप बशीत ठेवून दिला. "चालते म्हणजे? धावते!"

"मग गौरीपर्यंत वर चढवा. भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी घेऊन. आणि एक सांगून ठेवते, नाही चढली तर उद्या भंगारवाल्याला देणार. आठ वर्षं पुष्कळ झाली."

नीलकंठरावांनी आनंदानं जाडजूड ग्रंथांवर फळ्या टेकवून गौरीपर्यंत घाट बांधला, आणि तिथंच चाकं घसरली. इंजिनाच्या मागच्या दोन चाकांना पकड यावी म्हणून रबराच्या बारीक कड्या असतात. आठ उन्हाळे माळ्यावर भाजून त्यांचा भुगा झाला होता. नव्या मिळणार जर्मनीत, आणि बायका येणार पाचला.

पेपरांच्या गठ्ठ्याचं रबरबँड कापून त्यांनी चाकाला बांधलं. तिसऱ्या फेरीला ते सुटलं आणि उडून थेट पन्ह्याच्या पातेल्यात पडलं.

"हे काय?" बाईंनी पळीनं ते वर काढलं.

"घर्षण," नीलकंठराव खालच्या आवाजात म्हणाले.

मग ते कोपऱ्यावरच्या दशरथजींच्या सायकल दुकानात गेले. "भैया, वॉल्व ट्यूब देना."

"साइकिल कहाँ है, प्रोफेसर साहब?"

"साइकिल नहीं, रेल का इंजन है."

दशरथजींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं. "रेल का पंचर हम नहीं बनाते," ते गंभीरपणे म्हणाले, पण व्हॉल्वची हातभर रबरी नळी काढून दिली.

घरी येऊन नीलकंठरावांनी दाढीच्या पात्यानं नळीच्या बारीक चकत्या कापल्या. दोन चाकांना रबर लावून जर पकड येते, तर चारही चाकांना लावल्यावर दुप्पट येईल, असा शास्त्रशुद्ध विचार करून त्यांनी चारही चाकं मढवली. बटण दाबलं. इंजिन ढिम्म! त्यांनी तारा तपासल्या, फ्यूज बदलला, मोटर उघडून पुन्हा बसवली.

शेवटी बाई हळद कालवता कालवता येऊन उभ्या राहिल्या. "याला वीज येते कुठून?"

"रुळांतून. चाकांमार्फत."

"आणि चाकांना तुम्ही रबर लावलंय. मतलब, मीटरला हात लावताना रबरी चप्पल घाला म्हणून मला ओरडता, ते कशासाठी?"

नीलकंठरावांनी पुढच्या दोन चाकांच्या चकत्या काढल्या. गाडी सुरसुरत घाट चढली. वाटीतला एक हरभरासुद्धा सांडला नाही! त्यांचा जीव भांड्यात पडला. स्पिरिटनं रूळ पुसून ते आंघोळीला गेले.

पाच वाजता दिवाणखाना बायकांनी भरला. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम, म्हणून नीलकंठराव आतल्या खोलीच्या पडद्याआड बटणाशी बसले. बाईंनी खाकरून खूण केली. गाडी निघाली, सपाटीवर ऐटीत गेली, घाटाला लागली आणि अर्ध्यावर थबकली. चाकं गरागरा फिरू लागली. मग हरभऱ्यांसकट गाडी हळूहळू मागे यायला लागली. कुणीतरी खुदकन हसलं.

बाई हसऱ्या चेहऱ्यानं पडद्याशी आल्या. "अहो, घसरतेय!"

"अगं, रुळांना काय केलंस?"

"काही नाही हो. गौरीपुढे ते मळकट दिसत होते, म्हणून जरासा खोबरेलाचा हात फिरवला."

नीलकंठरावांनी डोळे मिटले. त्यांना भंगारवाल्याची गाडी दिसू लागली.

इतक्यात गिरिजावहिनी पदर खोचून उठल्या. "थांबा! माझे वडील दौंडला इंजिन ड्रायव्हर होते. चढणीला चाक घसरलं की रुळावर वाळू सोडतात." त्यांनी रुमालानं रूळ पुसले, रांगोळीच्या डब्यातून चिमूट उचलली आणि घाटावर भुरभुरली. "भावजी, सोडा गाडी! हळू हं!"

"वहिनी, रांगोळी जास्त झाली तर वीज अडेल!" पडद्याआडून आवाज आला.

"चिमूटभरच आहे. सोडा तुम्ही!"

गाडी कुरकुरली, सावरली आणि एकेक वीत करत थेट गौरीच्या पायाशी जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या. कारंज्याच्या मालकीणबाईच सगळ्यांत जोरात वाजवत होत्या, आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. "बाबांची आठवण झाली हो," त्या म्हणाल्या. ओटीत हरभरे घेताना त्यांनी सांगितलं, "माझा भाऊ जूनमध्ये जर्मनीहून यायचाय. काय आणायला सांगू?"

पडद्याआडून नीलकंठराव मन घट्ट करून म्हणाले, "मिक्सर."

विजयालक्ष्मीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आठ वर्षं त्यांना हाच शब्द ऐकायचा होता.

"नको हो वहिनी," त्या म्हणाल्या. "या इंजिनाच्या चाकांची रबरं सांगा. चांगली डझनभर. मिक्सर काय, इथल्या चौड्या रस्त्याच्या बाजारात मिळतो. उद्या संध्याकाळी आम्ही तिकडेच जाणार आहोत. हो ना, अहो?"

"हो," पडदा म्हणाला.