लग्नातल्या वजनावर सेट केलेली गाडी

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं आणि त्याला पोट होतं. पोट सगळ्यांनाच असतं, हे मागच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या बाळांना मी वेगळं सांगायला नको. पण ह्या अस्वलाचं पोट त्याच्या आधी गुहेत शिरायचं.

अस्वलाचं नाव जगदेव. त्याच्या बायकोचं नाव मंदा. दोघांचं बरं चाललं होतं. दुखणं एकच होतं, मंदाचा गुडघा.

मंदाचं माहेर पलीकडच्या जंगलात. मध्ये माळ. उघडाबोडका, सावलीला एक झुडूप नाही. पायी जायचं म्हटलं तर गुडघा साथ देत नव्हता. तिकडे तिची आई म्हातारी झाली होती आणि तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तिने एका बुलबुलाकडून सांगावा धाडला. "मोह फुलला की ये. एकदा तुझ्या तोंडावरून हात फिरवू दे."

 संध्याकाळी वारूळ उकरता उकरता मंदा रडायला लागली. जगदेवला ते बघवलं नाही. बायकोवर त्याचा जीव होता. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन नवीकोरी मोटारसायकल आणली.

आता तुम्ही विचाराल, जंगलात मोटारसायकल कुठून आली? गोष्टीत मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मुलांचं पुढे काही होत नाही. मी लहानपणी फार विचारायचो. बघा, आता काय करतोय.

तर गाडी झकास होती. आता ती नीट सेट करून घ्यायची. जगदेवचा हिशेब सरळ होता. मंदाच्या गुडघ्याला हिसका बसता कामा नये, म्हणून गाडी आरामशीर हवी. आणि ऊन चढायच्या आत माळ ओलांडायचा, म्हणून ती जोरात पळवली तरी डुगडुगता कामा नये.

असं काम करणारा जंगलात एकच मिस्त्री होता, भिवा साळिंदर. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत पाने, पकड, पेचकस, सगळं खोचलेलं असायचं. तो भराभर बोलायचा आणि गिऱ्हाईक म्हणेल ते खरं मानायचा. नवी गाडी आली म्हणून निम्मं जंगल त्याच्या गॅरेजसमोर जमलं. चित्रांगद मोरही आला. त्याचं चॅनेल होतं. नव्या गाडीपुढे उभा राहून तो पिसारा फुलवायचा आणि बोलायचा. गाडी त्यात दिसायची नाही, पण बघणारे पुष्कळ होते.

"वजन किती?" भिवाने जगदेवला विचारलं.

इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी. त्या जंगलात कोणी कोणाला तराजूवर बसवत नसे. ते अशुभ मानत. प्राण्याचं वजन करणारा एकटा वाघ, आणि तोही जेवायला बसायच्या आधी, नुसत्या नजरेने. म्हणून सभ्य प्राणी एकमेकांना वजन विचारत आणि समोरचा सांगेल ते खरं धरत.

जगदेवने आजूबाजूला बघितलं. हरिणी होत्या. मोराचा कॅमेरा चालू होता. त्याने पोट आत ओढलं. ते जात नाही हे त्याला माहीत होतं, पण ओढलं. मग त्याने एक वजन सांगितलं.

ते वजन खोटं नव्हतं. त्याचं स्वतःचंच होतं. फक्त लग्नातलं होतं.

"अरे वा," भिवा म्हणाला. "दिसत नाही तेवढं."

"केस दाट आहेत ना," जगदेव म्हणाला.

भिवा मागच्या शॉकअपपाशी वाकला. शॉकअपच्या बुडाशी एक गोल कडं असतं. ते आवळलं की स्प्रिंग कडक होते, सैल केलं की मऊ. बसणारा जड असेल तर आवळायचं, हलका असेल तर सोडायचं. भिवाने लग्नातल्या जगदेवच्या मापाने ते सोडलं. "आधी एकट्याने चालवून बघा," तो म्हणाला. "मग वहिनींचं बघू."

जगदेव माळावर गेला. सुरुवातीला गादीवर बसल्यासारखं वाटलं. त्याने वेग वाढवला. आणि हँडल थरथरायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की त्याचे गाल हलायला लागले. तो कसाबसा थांबला आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

कारण साधं होतं. त्याच्या भाराने मागची बाजू बसली होती. मागची बसली की पुढची उचलली जाते, आणि पुढचं चाक रस्त्याला धड टेकत नाही. हे मला एका मिस्त्रीने समजावलं होतं. मी समजल्यासारखी मान हलवली होती, तुम्हीही हलवा.

जगदेव गॅरेजमध्ये परत आला.

"वजन तेच ना?" भिवाने विचारलं.

"तेच," जगदेव म्हणाला.

मग भिवाने टायरमधली हवा बदलली. हँडल थरथरलंच. चित्रांगद कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "मित्रांनो, हा सगळा वाऱ्याचा प्रश्न आहे." म्हणून पुढे मोठी काच बसवली. मग हँडलला हादरा खाणारा डँपर लावला. मग हँडल उंच केलं, कारण चित्रांगदने उंच करायला सांगितलं. मग ते परत खाली घेतलं, कारण तेही चित्रांगदनेच सांगितलं. मऊ जेलची सीट आली. पाय टेकायला रुंद पायदाण्या आल्या. प्रत्येक वस्तूचं आपलं वजन होतं, त्यामुळे मागची बाजू आणखी बसली. गाडी बघायला मात्र फार सुंदर दिसायला लागली.

दर वेळी भिवा विचारायचा, "वजन तेच ना?" आणि दर वेळी जगदेव म्हणायचा, "तेच."

आपण मूर्ख आहोत, हे जगदेवला कळत होतं. त्याबद्दल त्याच्या मनात काही शंका नव्हती. रोज माळावर जायचं, थरथर कापत यायचं आणि वर लोकांना "वारा आडवा होता" असं सांगायचं. एकदा डबक्यात त्याने स्वतःचा चेहरा बघितला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पण मूर्ख दिसायचं की जाड दिसायचं, असा प्रश्न होता, आणि त्याने मूर्ख पत्करलं होतं. मूर्ख तो पहिल्यापासून होता, त्याची सवय होती.

इकडे मोह फुलला. फुलं टपटप गळायला लागली. मंदाने आईसाठी मधाचं पोळं पानात बांधून ठेवलं होतं, त्याला मुंग्या लागल्या. तिने ते सोडलं, झाडलं, परत बांधलं.

"कधी जायचं?" तिने विचारलं.

"हँडल जरा त्रास देतंय."

मंदा त्याच्या शेजारी बसली. दुखरा गुडघा तिने लांब केला. "अहो, तुम्ही भिवाभाऊजींना वजन काय सांगितलंत?"

जगदेवने सांगितलं.

मंदा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "त्या वजनाचा नवरा मला आठवतो," ती म्हणाली. "वारा आला की झाडाला धरून उभा राहायचा. मला हा आवडतो. पण हा खरं बोलत नाही. मोह संपत आलाय हो. आई वाटेला कान लावून बसली असेल."

जगदेवच्या पोटात तुटलं. एवढ्या मोठ्या पोटात तुटलं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. त्याने तिथल्या तिथे ठरवलं. उद्या गॅरेजमध्ये जायचं आणि खरं वजन सांगून टाकायचं. जग हसलं तर हसू दे.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. वाटेत त्याने ते वजन दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. बरं वाटलं. अगदी माणसात आल्यासारखं वाटलं, म्हणजे अस्वलाला जितकं वाटू शकतं तितकं.

गॅरेजसमोर तीच गर्दी होती. चित्रांगद कॅमेऱ्याला सांगत होता, "मित्रांनो, आज शेवटचा प्रयत्न, थेट प्रक्षेपण." भिवाने पाठीतला पाना उपसला. "वजन तेच ना?" त्याने विचारलं.

जगदेवने तोंड उघडलं.

तेवढ्यात भिवा पुढे म्हणाला, "आणि हो, मागे वहिनी बसणार. त्यांचं वजन धरलंच नाही आपण. किती?"

बाळांनो, एरवी ह्या अस्वलाचं डोकं फार चालत नसे. पण त्या घटकेला असं चाललं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. लग्नानंतर वाढलेलं आपलं सगळं वजन त्याने मनातल्या मनात गोळा केलं, मंदाच्या वजनात मिळवलं आणि सांगून टाकलं.

 एका हरिणीने दुसऱ्या हरिणीकडे बघितलं.

"वहिनींचं?" भिवाने विचारलं.

"तशी दिसत नाही," जगदेव म्हणाला. "तिचेही केस दाट आहेत."

भिवाने कडं आवळलं. चांगलं जोर लावून, दात खाऊन आवळलं.

पहाटे दोघं निघाली. जगदेवने भीतभीत वेग वाढवला. हँडल स्थिर राहिलं. त्याने आणखी वाढवला. गाडी रस्त्याला धरून पळत होती, खड्डे आले तरी आतल्या आत गिळत होती. मंदाने विचारलं, "आज कशी काय नीट चालतेय?" जगदेव म्हणाला, "खरं वजन सांगितलं." तिने त्याच्या पाठीवर गाल टेकला. गुडघा दुखत नव्हता, ऊन चढलं नव्हतं, आणि जगदेव इतका सुखात होता की आपण अर्धंच खरं बोललो हे तो विसरून गेला.

माहेरी सगळे वाट बघत होते. म्हातारी पुढे आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याला कारण होतं. चित्रांगदचं चॅनेल माळापलीकडेही बघत, आणि नातवंडांनी आदल्या दिवशीच आजीला लेकीचं वजन सांगितलं होतं. म्हातारीला ऐकून धन्य वाटलं होतं. लेक सुखात आहे, जावई जपतोय, खाऊ घालतोय, असं तिने शेजारच्या सगळ्या गुहांना सांगितलं होतं.

"ये गं माझी बाय," म्हणत तिने मंदाच्या तोंडावरून हात फिरवला. मग खांद्यांवरून. मग बरगड्यांवरून. तिथे हात थांबला.

"मंदे," ती हळूच म्हणाली, "तू कालपर्यंत एवढी होतीस. काय झालं गं तुला? मला कळवलं का नाहीस?" आणि तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मंदाला काही उमगेना. नातवंडांनी तिला सगळं सांगितलं. आकड्यासकट सांगितलं. मंदाने वळून जगदेवकडे बघितलं, आणि जगदेवला वाटलं की आत्ता इथे वाघ आला तर फार बरं होईल.

म्हातारीने चाचपडत हात पुढे केला. तो जगदेवच्या पोटाला लागला. तिने तो तिथेच ठेवला, बराच वेळ ठेवला. वरून खाली फिरवला, डावीकडून उजवीकडे फिरवला.

"असं आहे होय, जावईबापू," ती म्हणाली.

जगदेवला रडू आलं. म्हातारीच्या मनात काय आलंय हे त्याला कळलं, आणि ते त्याला सहन झालं नाही. त्याने सगळ्या सासुरवाडीसमोर मान खाली घातली आणि इतके दिवस अडकलेलं वाक्य बोलून टाकलं. "आई, ते वजन माझं आहे."

"ते मला हाताला कळलं," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकीच्या ताटातलं आहे, तेही कळलं. तिचं वजन भरून येईपर्यंत तिला इथून हलू द्यायची नाही."

"मंदे, तू तरी सांग," जगदेव काकुळतीने म्हणाला.

मंदा आईला टेकून बसली होती. आईचा हात तिच्या केसांतून फिरत होता. "मी काय सांगणार?" ती म्हणाली. "सगळ्या जंगलाला तुम्हीच सांगितलंत. तेवढं भरलं की येते."

"अगं, तेवढं कधीच भरणार नाही."

"मला घाई नाही," मंदा म्हणाली, आणि तिने मधाचं पोळं आईपुढे ठेवलं.

जगदेव एकटाच परत निघाला. स्प्रिंग दोघांच्या वजनाला आवळलेली होती. आता मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला उडायचं आणि त्याच्याबरोबर जगदेव उडायचा. ती मऊ जेलची सीटही त्याला लाकडाच्या फळीसारखी लागत होती. अख्खा माळ तो असा उडत, आपटत, स्वतःला शिव्या देत आला. शिव्या चांगल्या होत्या, पण तुमचं वय लहान आहे.

घरी आल्यावर त्याने विचार केला. गाडी परत आरामशीर करायची तर दोन मार्ग होते. एक म्हणजे भिवाकडे जाऊन, मोरासमोर, हरिणींसमोर आपलं एकट्याचं वजन खरंखुरं सांगायचं आणि कडं सैल करून घ्यायचं.

जगदेवने दुसरा मार्ग धरला. त्याने मोहाच्या झाडाखाली बैठक मारली आणि मंदाच्या वजनाइतकं खायला सुरुवात केली. खाताना तिची फार आठवण यायची, म्हणून तो आणखी खायचा. हंगाम संपेपर्यंत त्याने ते भरून काढलं.

आता गाडी एकट्याने चालवली तरी उत्तम पळते. हँडल हलत नाही, खड्डा कळत नाही. मागे बसायला मात्र कोणालाही जागा उरलेली नाही.

तात्पर्य: गाडी आपल्या वजनाला सेट करून घ्यावी, असं जाणकार सांगतात. त्यात फार बोलावं लागतं आणि चारचौघांत शोभा होते. त्यापेक्षा आपणच गाडीच्या मापाचं व्हावं.