बसून डावा, उभं राहून उजवा

सोफ्याचे दोन्ही तुकडे दिवाणखान्यात आले, जोडून झाले, वरचं प्लास्टिक फाडून झालं, आणि मग बाईंच्या लक्षात आलं की पाय पसरून बसायचा लांब भाग खिडकीकडे जायच्या ऐवजी आतल्या खोलीच्या दारात गेलाय. अर्धं दार त्याने अडवलं होतं.

"हे उलटं झालंय," बाई म्हणाल्या.

"उलटं कसं होईल?" हमालांच्या मुकादमाने खिशातून पावती काढली. "डावा लिहिलाय. डावाच आणलाय."

"मग डावीकडे खिडकी आहे ना!"

"समोर उभं राहून डावा, ताई. आमच्यात तसंच धरतात."

"सोफ्यावर माणूस बसतो, की त्याच्यासमोर हात जोडून उभा राहतो?"

मुकादमाने प्रामाणिकपणे विचार केला. "विकत घेताना उभाच असतो," तो म्हणाला.

तुकड्यांची अदलाबदल करता येत नव्हती, कारण जोडायचे हुक एकाच बाजूला होते. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. डावं आणि उजवं यातला गोंधळ करणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी भर रस्त्यात रडवलं होतं. आणि आज एक मुकादम त्यांना डावं शिकवत होता!

सोफा नुसता हौसेचा असता तरी एक वेळ चाललं असतं. पण सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या घरी यायच्या होत्या. दवाखान्याच्या जिन्यात नणंदेने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "वहिनी, तुमच्याकडे आईला पाय लांब करून बसायला तरी जागा आहे का?" त्या एका वाक्यापायी बाईंनी अकरा दुकानं पालथी घातली होती. आई खिडकीपाशी उजेडात पाय पसरून बसल्यात आणि नणंद गप्प आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्यांनी दुकानाला फोन लावला. मॅनेजर फार गोड बोलणारा होता, त्यामुळे त्या आणखीच भडकल्या.

"पावतीवर डावा खोडा आणि उजवा लिहा. तुमच्या भाषेतला उजवा. कळलं?"

"अगदी कळलं, मॅडम. परवा शुक्रवारी सकाळी बदलून मिळेल."

गुरुवार बाईंच्या शिकाऊ लोकांना फार वाईट गेला. चौकात त्यांनी एका निवृत्त प्राचार्यांना "डावीकडे घ्या" असं सांगितलं, आणि लगेच त्यांच्या मनात आलं, कुणाच्या डावीकडे? त्या क्षणभर थांबल्या. प्राचार्यही थांबले, भर चौकात. मागच्या गाड्यांनी आकाशपाताळ एक केलं. "अहो, डावी म्हणजे डावी! यात थांबण्यासारखं काय आहे?" असं बाई त्यांच्यावरच ओरडल्या.

शुक्रवारी सकाळी हमाल आले. दोघांनी परवाचा सोफा तीन जिने खाली नेला आणि तेच दोघे तीन जिने नवा सोफा वर घेऊन आले. तो जोडला. लांब भाग पुन्हा आतल्या खोलीच्या दारात.

बाईंनी सोफ्याभोवती एक फेरी मारली.

"हा तोच आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तो खाली टेम्पोत आहे ताई, हा दुसरा. पण तसाच," मुकादम म्हणाला. त्याने पावती पुढे केली. डावा खोडून उजवा लिहिलं होतं. मग उजवा खोडून पुन्हा डावा.

"हे दुसऱ्यांदा कुणी खोडलं?"

तेवढ्यात बाईंचा नवरा टॉवेलने डोकं पुसत आला. तो चष्म्याचे नंबर काढायचा. दिवसभर लोकांच्या समोर बसून त्यांचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला धरायची त्याला सवय होती.

"अगं, तू चिडली होतीस म्हणून काल मीच दुकानात फोन केला," तो उत्साहाने म्हणाला. "म्हटलं, ती बसून बोलतेय, तुम्ही उभं राहून ऐकताय. तेव्हा पावतीवर जे काय असेल त्याच्या बरोबर उलट पाठवा."

"मी आधीच उलट करून घेतलं होतं!"

"मला काय माहीत?"

"मला विचारायचं होतंत!"

"तुला?" नवरा म्हणाला. "काल?"

बाईंनी पुढची दहा मिनिटं जे ऐकवलं त्यात नवऱ्याची नोकरी आली, त्याचे लग्नातले उंच टाचांचे बूट आले आणि त्याने आजवर केलेल्या प्रत्येक मदतीची यादी आली. मुकादम आणि हमाल भिंतीला चिकटून उभे होते. मग बाईंनी फोन उचलला.

"आता डावा नाही आणि उजवाही नाही. लिहा, लांब भाग खिडकीकडे."

"कोणत्या खिडकीकडे, मॅडम?" मॅनेजरने गोड आवाजात विचारलं.

"संध्याकाळपर्यंत सोफा आला नाही ना, तर माझे नऊ शिकाऊ लोक घेऊन येते. तुमच्या काचेसमोर रिव्हर्स पार्किंगचा सराव करायला. एकालाही ब्रेक सापडत नाही!"

सोफा संध्याकाळी पाठवायचं ठरलं.

पण पाचला आधी सासूबाईच आल्या. वॉकर टेकत, मागे नणंद. बाईंचा चेहरा रागाने आणि लाजेने लाल झाला होता. "आई, हा चुकीचा आलाय, आत्ता बदलणार आहेत..." त्या सांगू लागल्या, पण सासूबाई ऐकायला थांबल्याच नाहीत. लांब भागावर टेकल्या, पाय पसरला, हात लांबवला आणि दाराची चौकट घट्ट धरून पाहिली. मग त्या चौकटीच्या आधाराने कुणाची मदत न घेता उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"वा!" त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून निघाल्यापासून हीच काळजी होती. उठायला धरायचं काय? आणि आतलं बाथरूमही दोन पावलांवर. किती विचार करून ठेवलास गं!"

नणंदेने खोलीभर नजर फिरवली, पण ती काहीच बोलली नाही.

"पण आई, मी खिडकीपाशी..."

"खिडकीपाशी मला ऊन लागतं."

"आधी सांगायचं ना!"

"विचारलंस कुठे? फोन केला की तू कुणाला तरी ओरडतच असायचीस."

बेल वाजली. दारात मुकादम, घामाने निथळत. मागे हमाल, तिसऱ्यांदा तीन जिने चढून आलेले.

"ताई, हा पक्का खिडकीचा," तो धापा टाकत म्हणाला. "दुकानाच्या मालकांनी स्वतः बसून पाहिलाय. उभं राहूनही पाहिलाय."

बाईंनी वळून पाहिलं. सासूबाई चौकटीला हात लावून डोळे मिटून पडल्या होत्या. मुकादमावर ओरडायला बाईंनी तोंड उघडलं, मग खुर्चीत बसलेल्या नवऱ्यावर ओरडायला उघडलं. दोन्ही वेळा मिटलं.

"आधी आत या," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी देते."

हा आवाज नवऱ्याने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. तो घाबरून उठला आणि आईच्या पायांना धक्का न लावता, कडेकडेने, पोट आत ओढून, आतल्या खोलीत सटकला.