मधुकाकांचा न मोडणारा आकडा

आमच्या सिंदीत नवा माणूस दिसला की मधुकाका त्याला आधी चहा पाजतात आणि मग भागाकार करायला बसवतात. कुणाचा पाहुणा असो की विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस, सुटका नाही. आकडा ठरलेला: ७,३९,३९,१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"याले पुरा भाग घालून दाखव. दुकानातली मोठी परात तुले!"

काकांचं भांड्यांचं दुकान आता पुतण्या चालवतो. काका घराच्या ओट्यावर पाटी-खडू घेऊन बसतात. हा आकडा त्यांना चिवड्याच्या पुडीच्या कागदावर सापडला. एक आणि तो स्वतः, एवढे सोडले तर त्याला कशानेच पुरा भाग जात नाही. खरी गंमत पुढेच. काका उजवीकडचा तीन पुसतात. उरलेल्यालाही भाग जात नाही. आणखी एक आकडा पुसतात. तरी नाही. पुसत पुसत शेवटी नुसता सात उरतो, तोही तसलाच हट्टी.

"शेपूट छाटा, तरी मोडतच नाई लेकाचं!" हे म्हणताना काकांचा चेहरा पोरगं बोर्डात आल्यासारखा फुलतो.

रोज सकाळी ओट्यावर चार-पाच डोकी वाकलेली असत. निवृत्त मास्तर तेवीस धरून बसत, शेजारचा शिंपी एकतीस. कमलकाकू गेल्यापासून चहा काकाच करत. भयंकर गोड. पण कुणी बोलत नसे.

दिवाळीला मास्तरांचे पुण्याचे जावई आले. त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं. "काका, ही मूळ संख्या आहे. कितीही डोकं फोडा, भाग जाणारच नाही."

"मंग! मी काय म्हणून राह्यलो इतके दिवस?" काकांनी गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मास्तर रस्त्यावरूनच म्हणाले, "मधुभाऊ, आता ठरलंच ना!" आणि पुढे गेले.

एका सकाळी मी माझ्या दारातून पाहिलं. काका पातेलंभर चहा नालीत ओतत होते.

मी चपला घातल्या आणि गेलो. "काका, मले वाटते सतरानं जाईन."

जात नाही हे मला माहीत होतं. त्यांना तर होतंच. काकांनी सरकून जागा दिली, खडू उचलला. सतरा चोक अडुसष्ट. सतरा त्रिक एक्कावन्न. एकोणसाठातून एक्कावन्न गेले, काकांनी खाली सात लिहिला. जन्मभर दुकानात तोंडी हिशेब करणारा माणूस!

मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी हातानं पाटी पुसली.

"चुकलं वाट्टे. पयल्यापासून मांडा लागन," ते म्हणाले. "तुले घाई नाई ना?"